क्लिंकर झाला की मेमो ऑपरेटरला का?

तुम्ही विचारलंय की एफबीसी बॉयलरमध्ये (खालून येणाऱ्या हवेवर उसळत्या गरम वाळूच्या थरात, म्हणजे बेडमध्ये, इंधन जाळणारा बॉयलर) कोळशाऐवजी पेंढा जाळायला घेतल्यापासून बेडमध्ये क्लिंकर (वितळून घट्ट झालेली ढेप) होतोय, तर कोणतं ॲडिटिव्ह टाकावं. ते सांगतो. पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘लॅब रिपोर्टमध्ये राखेचं फ्यूजन टेम्परेचर (वितळण्याचं तापमान) ११०० अंशांच्या वर आहे, म्हणजे ऑपरेटरचंच लक्ष नाही.’ हे मला लागलं.

हेच मी शिफ्टला असताना ऐकलंय. मध्यरात्रीनंतर बेडचा डीपी (बेडच्या खाली-वरच्या हवेच्या दाबातला फरक) हळूहळू उतरायला लागला, शेजारशेजारचे थर्मोकपल (तापमापक) वेगवेगळे आकडे दाखवू लागले आणि पहाटेपर्यंत बेड बसला, वाळू उसळायची थांबली. गार झाल्यावर मॅनहोल उघडलं तर हवेच्या नोझलवर चकाकणाऱ्या ढेपा. तापमानाच्या ट्रेंडवर (नोंदीच्या आलेखावर) बेड ८५० च्या वर कुठेही गेलेला नव्हता. तरी मीटिंगमध्ये लॅबचा कागद पुढे आला आणि शिफ्टवरच्या पोरांना मेमो मिळाले. मी तिथेच म्हणालो होतो की या कागदात वाळू कुठे आहे?

लॅबमध्ये नुसत्या राखेचा सुळका करून तापवतात. सुळक्याचं टोक गोलावलं की तो पहिला आकडा, पण तोवर आत बरंच वितळलेलं असतं. बेडमध्ये पेंढ्याचं पोटॅशियम क्वार्ट्झ वाळूवर बसतं आणि त्यातून होणारं सिलिकेट ८०० च्या आतच वितळू शकतं. कण एकमेकांना धरतात, हवा वाट काढून निघून जाते, तिथलं तापमान चढतं, मग ढेप. पुढे मी हट्टाने एक ढेप मायक्रोस्कोपखाली पाठवायला लावली. वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पोटॅशियमचा थर होता. मेमो मात्र कुणी मागे घेतले नाहीत.

तर ॲडिटिव्ह म्हणजे केओलिन (पांढरी चिनी माती). त्यातलं ॲल्युमिना-सिलिका पोटॅशियमला धरून १५०० च्या वर वितळणारी संयुगं करतं. पण वाळू तीच ठेवून केओलिन ओतणं म्हणजे पैसे जाळणं. आधी बेड ड्रेन (खालून जुनी वाळू काढणं) वाढवा, वाळू ताजी ठेवा, जमल्यास क्वार्ट्झऐवजी ऑलिव्हिन (मॅग्नेशियम-लोहाचं खनिज) वापरा. बेड ७५० ते ८०० मध्ये चालवा. पावसात भिजून धुतला गेलेला पेंढा मिळाला तर तोच घ्या, त्यातलं पोटॅशियम आणि क्लोरीन बरंच निघून गेलेलं असतं. थोडा कोळसा मिसळूनही फरक पडतो.

हे सगळं बेडपुरतं. सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर) क्लोराईड बसत असेल तर ते दुखणं वेगळं, तिथे गंधकाचा हिशोब लागतो. आणि भाताचं तूस जाळत असाल तर यातलं बरंचसं लागू नाही, त्याची राख बहुतेक सिलिकाच असते आणि एवढी चिकटत नाही.

पुढचा क्लिंकर निघाला की फेकू नका. त्याचा तुकडा तपासायला पाठवा आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणालाही मेमो देऊ नका.