आग तिसऱ्या मजल्यावर, धूर अकराव्यावर

प्रश्न : आमच्या १४ मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इलेक्ट्रिक डक्टमधली केबल जळाली. आग तिथेच विझली, पण धूर कोंडला तो अकराव्या मजल्यापासून वर. चौथा-पाचवा मजला मात्र स्वच्छ! असं कसं?
— सोसायटीच्या सचिव, ठाणे

उत्तर : तुमचा डक्ट धुराड्यासारखा वागला. गरम धूर हलका असल्याने वर चढतो आणि त्याची जागा घ्यायला खालच्या मजल्यांवरची हवा डक्टच्या दाराच्या फटींतून आत ओढली जाते. त्यामुळे आगीच्या लगतचे मजले वाचले. वर गेलं की दाब उलटा होतो आणि त्याच फटींतून धूर पॅसेजमध्ये येतो. माथा बंद असेल तर तो वर साचून पुन्हा एकेक मजला खाली उतरतो.

मूळ दोष स्लॅबमध्ये आहे. केबलसाठी ठेवलेलं भोक बुजवलेलंच नसतं. किंवा बुजवलेलं असतं आणि इंटरनेटवाला एका वायरीसाठी फोडून जातो. (हे इतकं नेहमीचं आहे की त्याच्या बिलासोबत डक्टचा फोटोही मागावा.) तपासणी सोपी आहे. रात्री पाचव्या मजल्यावर डक्टमध्ये टॉर्च वर रोखून धरा आणि सहाव्या मजल्यावरून कुणीतरी डोकवा. उजेड दिसला तर धुरालाही वाट आहे.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आणि वीज बंद करूनच करून घ्या. आधी डक्टमधले झाडू आणि रद्दी काढा. मग प्रत्येक स्लॅबच्या जाडीत केबलभोवती रॉकवूल (दगडापासून बनवलेली, न जळणारी लोकर) गच्च ठासून वर फायर सीलंटचा, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या लेपाचा थर द्यायचा, उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचाच. स्प्रेच्या डब्यातला साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम कंत्राटदार हमखास सुचवेल, कारण पाच मिनिटांत काम होतं. नको म्हणा, तो स्वतःच पेटतो. प्लॅस्टिकच्या ड्रेनेज पाइपभोवती नुसतं सीलंट पुरत नाही; पाइप वितळला की भोक उरतं. तिथे उष्णतेने फुगून ते भोक आवळणारी फायर कॉलर बसवावी लागते.

प्रश्न : वारा येतो म्हणून जिन्याचं फायर डोअर आम्ही कुंडी लावून उघडं ठेवतो. आग लागली की बंद करू. चालेल ना?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. पळताना कुंडी सरकवायला कुणी थांबत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ९ जानेवारी २०२२ रोजी १९ मजली इमारतीतल्या एका घरात रूम हीटरमुळे आग लागली. ज्वाळा ते घर आणि बाहेरचा पॅसेज एवढ्यातच राहिल्या. पण घराचं दार आपोआप मिटलं नाही आणि पंधराव्या मजल्यावरचं जिन्याचं दारही उघडं होतं. १७ जण गेले, ते धुराने.

कुंडी हलवा आणि दार वीतभर उघडून सोडा. लॅच खटकन बसला पाहिजे. नाही बसला तर डोअर क्लोजरवरचा (दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्रावरचा) लॅचिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवून पाहा. क्लोजरमधून तेल गळत असेल तर तो बदलावाच लागतो.

प्रश्न : जिन्यात धूर असेल तर गच्चीवर जावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : धुरातून वर नको आणि खालीही नको. वर धूर तुमच्या आधी पोचलेला असतो, त्यात गच्चीला कुलूप निघालं तर संपलंच. घरात परत या, दार लावून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबा आणि १०१ला मजला व फ्लॅट नंबर सांगा. आग तुमच्याच घरात असेल तर सगळे बाहेर पडा आणि जाताना दार ओढून घ्या. धूर बाहेर असताना डक्टकडे उघडणारी बाथरूमची खिडकीही लावायची, ती हमखास विसरते.