मे महिन्यातल्या त्या घरात मामी कुठे होती?

"आमच्या लहानपणी घरं कशी भरलेली असायची! आता चौघं एका घरात राहतो, पण कुणाला कुणासाठी वेळ नाही. मुलांचं बालपण असंच चाललंय, मॅडम."

मी समुपदेशक. समोरचं माणूस 'आमच्या लहानपणी' म्हणालं, की पुढचं मला आता पाठ असतं. पुण्यात तर दर दुसऱ्या घराचं हेच गाऱ्हाणं.

त्यातलीच एक जण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळिशी ओलांडलेली, हिंजवडीत नोकरी, आजोळ सांगलीकडचं. आपण निवांत व्हायचं, असं तिने ठरवलं आणि ऑफिसचं काम अंगावर घ्यावं तसं ते अंगावर घेतलं. रविवारी मोबाइल बंद, जेवायला सगळ्यांनी खाली बसायचं, एकमेकांशी बोलायचं. कळस म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. फ्लॅटभर आंबूस वास. मुलीने नाक दाबून खोलीचं दार लावून घेतलं, मुलाने हेडफोन चढवले. ही सोऱ्या हातात धरून बाल्कनीत रडत बसली.

"मुलांना कसलीच ओढ नाही," ती म्हणाली.

मी मुलांविषयी काही विचारलं नाही. "आजोळचं घर डोळ्यांसमोर आणा आणि कोण कुठे आहे ते सांगा," म्हटलं.

तिचा चेहरा खुलला. "ओसरीवर आजोबा, शेंगा फोडत. आई झोपाळ्यावर, मावशी तिची वेणी घालतेय. आम्ही मुलं चिकाची वाटी घेऊन अंगणात."

"आणि चीक कोण घाटतंय?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामी."

त्या रात्री तिने मामीला फोन केला. मामी हसून म्हणाली, "तुम्ही सगळी गेलात ना, की मी दोन दिवस नुसती झोपून काढायची गं."

पुढच्या वेळी ती उतरल्या चेहऱ्याने आली. "म्हणजे ते सगळं खोटंच होतं?"

"खोटं कशाला? आईचं ते माहेरपण होतं, तुमची सुट्टी होती. सुख खरंच होतं. फक्त त्याची मेहनत दुसरीच्या अंगावर होती. आणि आज तुम्ही एकटीने आजोबाही व्हायला बघताय आणि मामीही."

हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं. तेव्हापासून ते मी बऱ्याच जणींना ऐकवलंय, आणि लागू पडलं नाही असं क्वचितच झालं.

आठवणीतून उकाडा, कंटाळा, भांडणं लवकर गळून जातात, गोडवा मागे राहतो. मन असंच चालतं, त्यात वावगं काही नाही. माझा पिंड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेला. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली गोष्ट मला अजून रोज उपयोगी पडते: इच्छा असू द्या, तिचा हट्ट करू नका. 'घरात गप्पा व्हाव्यात' ही इच्छा झाली. 'व्हायलाच पाहिजेत, नाहीतर मी आई म्हणून नापास' हा हट्ट. मुलं हट्टाला बरोबर ओळखतात आणि दार लावून घेतात.

मग मी विचारलं, "या सगळ्यात तुम्हाला नेमकं काय हवंहवंसं वाटायचं?"

कुरडया नव्हेत, झोपाळाही नव्हे. "आजोबांजवळ केव्हाही जाऊन बसता यायचं. ते काही विचारायचे नाहीत."

तिथे गाठ सुटली. घरात रात्री अर्धा तास कुणीतरी रिकामं, सहज सापडेल असं बसलेलं हवं, बस्स. हात गुंतवायला लसूण सोलायला घ्यावा. फोन दुसऱ्या खोलीत. विषय आपण काढायचा नाही, अभ्यासाचा तर मुळीच नाही.

पण तो अर्धा तास आणायचा कुठून? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. म्हणून नवऱ्यालाही बोलावलं. रात्रीचा ओटा आणि सकाळच्या डब्यांची तयारी त्याने घेतली. कुरकुर केली, पण घेतली. माझ्याकडे एकट्या बाईला 'जरा निवांत व्हा' असा सल्ला मिळत नाही. ओटा कोण आवरणार, हे आधी ठरतं.

काही आठवड्यांनी मुलगी लसणाची कुडी घेऊन शेजारी बसली आणि वर्गातली मैत्रीण बोलत नाही, हे आपणहून सांगून गेली. कुरडया आता बचत गटाकडून येतात.

'आम्ही बसतो हो, पण मुलं येतच नाहीत,' असं मला पालक सांगतात. दहावी-बारावीचं पोर आठवड्यातून एकदा आलं तरी पुष्कळ समजा. आधी त्याला संशयच येतो. "आई, काही झालंय का?" असं विचारेल. "काही नाही, लसूण सोलतेय," एवढंच म्हणा. "ये, बस, गप्पा मारू," म्हणालात की ते उठून गेलंच!