तमिळ लोकांचे पारंपरिक सण कोणते आणि ते वर्षभर कसे साजरे होतात?

सगळ्यांत महत्त्वाचा पोंगल, म्हणून आधी त्याबद्दल. आपल्या संक्रांतीच्या वेळीच येतो आणि ४ दिवस चालतो. पहिल्या दिवशी भोगी (नाव आपल्याकडचंच), पहाटे घरातलं जुनंपानं जाळतात. दुसरा दिवस सूर्याचा. अंगणात तांदळाच्या पिठाचं कोलम (रांगोळी) काढून उघड्यावर चूल मांडतात. मडक्याच्या गळ्याला पानांसकट ओल्या हळदीचं रोप बांधलेलं, शेजारी उभे ऊस. दूध उतू जायला लागलं की घरातले सगळे ‘पोंगलो पोंगल!’ असा गजर करतात आणि मग नवे तांदूळ, मूगडाळ, गूळ घालतात. दूध उतू जाणं इथे शुभ, हे मला फार आवडतं! तिसऱ्या दिवशी गाईबैलांची शिंगं रंगवून पूजा, अगदी पोळ्यासारखी. मदुराईकडची जल्लिकट्टू, म्हणजे उधळलेल्या बैलाला धरायचा खेळ, तीही याच दिवसांतली. चौथा दिवस भेटीगाठींचा.

एप्रिलच्या मध्यावर पुत्तांडु, म्हणजे नववर्ष. त्या दिवशी कैरी, गूळ आणि कडुलिंबाच्या फुलांची पचडी हवीच. आडी या तमिळ महिन्याच्या (जुलै-ऑगस्ट) १८व्या दिवशी बायका कावेरीकाठी नदीची पूजा करतात, सोबत चिंचभात, लिंबूभात, दहीभात. नवरात्रात घरोघरी गोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची मांडणी. दिवाळी असतेच, पण दिव्यांचा खरा तमिळ सण कार्तिगै दीपम. तिरुवण्णामलैला डोंगरमाथ्यावर तुपाचा महादीप लावतात, तो कित्येक मैलांवरून दिसतो.

एकच सण बघायला जमणार असेल तर पोंगलला जा, आणि शहरात न राहता तंजावरकडच्या एखाद्या खेड्यात जा.