नवीन स्टीलच्या पातेल्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग आणि पांढरे ठिपके आलेत, एकाचा तळ करपलाय, कितीही घासलं तरी जात नाही, काय करू?

आमच्या घरात भांडी घासायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने वाटणी करून टाकली, स्वयंपाक ती करणार आणि भांडी मी, त्याला आता ११ वर्षं झाली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की लग्नात आलेला सेट आहे, सहा महिन्यांतच ही अवस्था झाली आणि तारेच्या घासणीने घासून घासून बोटं सोलली.

तर पहिलं काम, ती तारेची घासणी मोरीवरून उचला आणि गॅलरीत कुंडीबिंडी घासायला ठेवा. आणि दुसरं म्हणजे तुम्ही हे सगळे एकच डाग समजून एकाच पद्धतीने घासताय, पण हे तीन वेगवेगळे डाग आहेत. रंग आणि पांढरे ठिपके हे आंबटाने जातात, करपलेलं सोड्याने जातं. करपलेल्यावर लिंबू चोळत बसलात किंवा पांढऱ्या ठिपक्यांवर सोडा, तर संध्याकाळपर्यंत घासलं तरी तसंच राहणार.

स्टेनलेस म्हणजे डागच पडत नाही असा आपला समज असतो, पण तसं काही नाही. हे लोखंडच आहे, त्यात कमीत कमी १०.५ टक्के क्रोमियम घातलेलं असतं, आणि त्या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर एक अतिशय पातळ थर धरतो, डोळ्याला दिसत नाही इतका पातळ, तोच आतलं लोखंड गंजू देत नाही. तुमच्या सेटच्या बुडाला १८/८ असं कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. तो थर खरवडला गेला तरी परत धरतो ही त्याची खुबी, पण साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण भांड्यावर राहतात आणि ते गंजतात, मग आपण म्हणतो भांडं गंजलं. भांडं नाही, घासणी गंजलेली असते. तसे तांबूस ठिपके असतील तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतो तेच, ते चमचाभर थोड्या पाण्यात कालवून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी स्पंजने पुसा.

इंद्रधनुष्याचं सांगतो. रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर तापलं (फोडणीसाठी ठेवलं आणि तेवढ्यात फोन आला, माझं तरी नेहमी असंच होतं) की तो वरचा थर जाड होतो, आणि पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जसे रंग दिसतात तसे दिसायला लागतात. घाण नाहीच ती, म्हणून घासून निघत नाही. पांढरं व्हिनेगर कापडावर घ्या आणि पुसा, हलके रंग असतील तर बघता बघता जातात, मी पहिल्यांदा केलं तेव्हा बायकोला हाक मारून बोलावलं होतं. जास्त तापून निळं-तपकिरी झालं असेल तर दोन-तीनदा करावं लागेल, थोडं राहिलं तरी राहू द्या, स्वयंपाकाला काही अपाय नाही त्याचा.

पांढरे ठिपके दोन प्रकारचे असतात आणि इथे नीट बघा. आम्ही आधी वाघोलीला राहायचो, टँकर आणि बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीला सुद्धा पांढरी कड यायची. ते पाणी वाळलं की त्यातला चुना भांड्यावर राहतो, तांबे-पेले तर सगळे धुरकट. त्याला अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, जरा कोमट करून दहा मिनिटं पातेल्यात ठेवा, मग साध्या पाण्याने विसळा. इलेक्ट्रिक किटलीचा तळ पण असाच साफ होतो, फक्त तिथे मी व्हिनेगर वापरत नाही कारण चहाला दोन दिवस वास येतो, लिंबूसत्व घालून एकदा उकळतो आणि पाणी फेकून देतो. आणि धुतल्यावर भांडी निथळत न ठेवता लगेच कोरड्या फडक्याने पुसली तर हे ठिपके येतच नाहीत. आमची आई पहिल्यापासून पुसायची, मला वाटायचं उगाच काम वाढवते.

दुसरा प्रकार मिठाचा. गार पाण्यात खडा मीठ टाकलं आणि गॅस लावला की मीठ तळाशी बसून राहतं आणि त्यातलं क्लोराईड तो थर टोचून काढतं, बारीक खड्डे पडतात. ते डाग नाहीतच, धातू खाल्लेला असतो, ते कशानेच जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि लगेच ढवळा, एवढंच. कैरीचं लोणचं स्टीलच्या डब्यात न भरता बरणीत का भरायचे त्यातही हे मीठ आणि आंबट आहेच. ब्लीचही याच कारणाने स्टीलवर नको, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो.

आता करपलेलं. यात माझा अनुभव दांडगा आहे कारण एका दिवाळीला दोन लिटर दुधाची बासुंदी मी करपवलीय. बायको म्हणाली होती ढवळत राहा, मी मॅच बघत ढवळत होतो. झालं काय की पातेलं साधं पातळ स्टीलचं होतं, आणि स्टील उष्णता पसरवायच्या बाबतीत एकदम ठोंब्या, ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा दहा-पंधरा पट चांगलं पसरवतं. त्यामुळे बर्नरची ज्योत जिथे लागते तिथेच तापतं, आणि तळाला बरोब्बर बर्नरएवढी काळी गोल चकती उमटते. तुमच्या पातेल्यालाही गोलच असणार बघा. जाड बुडाची किंवा मधे ॲल्युमिनियमचा थर असलेली भांडी महाग असतात ती यासाठी.

तर ती चकती काढायला मी आधी लिंबू घासलं, टूथपेस्ट लावली, मग त्या व्हिडिओत दाखवतात तसं सोड्यावर व्हिनेगर ओतलं. फेस एवढा आला की वाटलं आता सगळं सुटून येणार. काही नाही झालं. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, फेस निघून जातो आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं पण मोरीपाशी उभं राहिल्यावर कुणाला आठवतंय. त्या व्हिडिओवाल्यांना फेस चांगला दिसतो म्हणून हवा असतो, दुसरं काही नाही.

शेवटी मावशींनी सांगितलं ते उपयोगी पडलं (तेव्हा काही महिने आमच्याकडे मावशी यायच्या). करपलेलं बुडेल एवढं पाणी घालायचं, लिटरला दोन मोठे चमचे खायचा सोडा, आणि दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. उकळणं महत्त्वाचं आहे, नुसतं भिजवून एवढं होत नाही, कारण तापल्यावर खायचा सोडा हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि तो जास्त कडक असतो, चिकटलेली साय आणि तेल तो सैल करतो. मग गॅस बंद करून झाकण ठेवून रात्रभर विसरून जायचं. सकाळी लाकडी उलथन्याने हलकेच ढकललं तर पापुद्रे सुटून येतात. माझ्या बासुंदीला दोन रात्री लागल्या, दुसऱ्या सकाळी तळ दिसला तेव्हा दिवाळीच्या फराळापेक्षा जास्त आनंद झाला होता खरं सांगतो. राहिलेल्या पुसट सावलीवर ओल्या सोड्याचा लगदा करून हिरव्या स्क्रबने नाही, मऊ बाजूने चोळा, आणि भांड्यावर पॉलिशच्या बारीक रेघा दिसत असतील तर रेघांच्याच दिशेने, आडवं नको.

बाहेरून तेल जळून पिवळट-चॉकलेटी चिकट थर बसतो, तळणीच्या कढईला विशेष, त्यालाही सोडाच, फक्त मोठ्या पातेल्यात कढई उकळावी लागते. चहाची गाळणी आणि चहाचं पातेलं काळपट झालं असेल तर तेही सोड्याच्या गरम पाण्यात. पण हे सगळं स्टीलसाठी हं! ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये सोडा उकळू नका, काळा पडेल. कुकरला आतून काळं येतं त्यासाठी भाताखालच्या पाण्यात लिंबाची साल टाकतात ती पद्धत बरोबर आहे.

आणि सेटला कॉपर बॉटम असेल तर तांब्याला पितांबरी किंवा लिंबू-मीठ लावा, पण ते मीठ आतल्या स्टीलवर ठेवून देऊ नका, लगेच धुवा.

तुमच्या पांढऱ्या ठिपक्यांचं मात्र फोटोवरून कळत नाहीये. व्हिनेगर लावून धुतल्यावर ठिपक्यावरून नख फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर पाण्याचे आहेत, अजून एकदा लावलं की जातील. नख अडकलं तर मिठाचे खड्डे आहेत, त्यात आता घासत बसू नका, त्या पातेल्यात खुशाल भात लावा.