करार संपला म्हणून फोन बदलावा का?

हप्त्यांवर फोन देणाऱ्या मोबाइल कंपनीकडून करार संपल्याचा संदेश आला, म्हणून लगेच नवा फोन घेण्याची घाई आपण करू नये. आधी मासिक बिल नीट वाचावे. त्यात हँडसेटचा हप्ता अजूनही मिसळलेला असेल, तर केवळ सिमचा प्लॅन मागून घ्यावा. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर क्षीण होतेच, त्यामुळे तिची क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर बहुधा बॅटरी बदलून भागते. माझा फोन दुपारीच मान टाकत असे. नव्या बॅटरीवर तो आणखी दोन वर्षे चालला. मात्र सुरक्षा अपडेट थांबले असतील, तर त्यावर बँकेचे व्यवहार करणे मला धोक्याचे वाटते. गूगलच्या पिक्सेल ८ या फोनला ७ वर्षे अपडेटचे आश्वासन आहे, जुन्या अनेक मॉडेलांना ते नाही. कॅमेऱ्याचा मोह हे कारण मी तरी धरत नाही.