हमदानचा जुना रनर: घेण्याआधी पाठ बघा, आणल्यावर धुवू नका

प्रश्न असा आहे: '१०० वर्षांचा, हातविणीचा हमदान' (इराणमधल्या हमदान भागातला गालिचा) म्हणून ८० सेंमी रुंद आणि ३ मीटर लांब लोकरी रनर, म्हणजे अरुंद लांब गालिचा, मिळतोय. ठाण्याच्या घरात पॅसेजमध्ये टाकायला घ्यावा का, आणि घरी धुतला तर चालेल का?

नक्षीचं नंतर बघा, आधी गालिचा उलटा करा. पुढची नक्षी पाठीवर गाठीगाठीनं दिसलीच पाहिजे. अस्तर चिकटवलेलं असेल तर तो बहुधा टफ्टेड माल, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेला. दशा म्हणजे ताण्याचीच (लांबीच्या उभ्या धाग्यांचीच) टोकं, त्या वरून शिवलेल्या असतील तर कारण विचारा. हमदानच्या खेड्यांतल्या विणीत गाठींच्या दोन ओळींमध्ये बाणा (आडवा धागा) एकदाच जातो, इतरत्र सहसा दोनदा. म्हणून पाठीवर बाण्याचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक दिसतात. ही खूण पटली तर 'हमदान' बहुधा खरा; '१०० वर्षं' मात्र एवढ्यानं सिद्ध होत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

खरा धोका सुती ताण्यात असतो. लव (वरचा लोकरी केसाळ थर) उत्तम दिसते आणि ओलीनं आतला ताणा कुजलेला असतो. दर हातभर अंतरावर गालिचा हलकेच दुमडून कान द्या. करकर आवाज आला तर धागे तुटताहेत. असा गालिचा फुकट मिळाला तरी पॅसेजमध्ये टिकणार नाही. झिजलेल्या जागी ओलं पांढरं फडकं घासा. शाईनं रंगवलेलं असेल तर तिथेच कळतं.

घरी धुवू नका. लाल आणि निळ्या भागावर ओलं फडकं दोन मिनिटं दाबून रंग उतरला नाही, तरीही नको. भिजलेली लव वरून वाळते, सुती ताणा आत ओला राहतो, आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. एन्झाइमवाल्या पावडरी लोकरीतलं प्रथिनच खातात, धुण्याचा सोडाही लोकरीला मारक. व्हॅक्यूम आधी पाठीवरून, मग लवेच्या दिशेनं. फिरता ब्रश बंद, दशांवर अजिबात नाही.

कसरीची जाळी किंवा वाळूसारखी विष्ठा दिसली तर पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळा. गुंडाळी जेमतेम ८० सेंमीची होते, दुकानातल्या आडव्या डीप फ्रीझरमध्ये मावते. उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

खाली नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरीचा) पॅड घाला, चारी बाजूंनी २ सेंमी लहान. सहा महिन्यांनी गालिच्याची टोकं फिरवा, म्हणजे वाटेवरची झीज एकाच जागी पडत नाही.