येळवसेचं ओस लातूर आणि ‘फ्लो’मधलं रिकामं घर

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

आजीनं फोनवर सांगितलं की येळवसेला अख्खं लातूर ओस पडतं, दुकानांना कुलपं असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ती हे हसत हसत सांगत होती. म्हणून तू विचारलंस, मग ‘फ्लो’ या सिनेमात, जिथं माणसं नसलेल्या जगात पूर येतो आणि मांजर इतर प्राण्यांसोबत होडीतून जातं, तिथं मांजराचं रिकामं घर बघून आपल्याला भरून का आलं? माणसं तर दोन्हीकडं नाहीत. आपल्या लोकांना रिकाम्या गावाची भीती कशी वाटत नाही?

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. डिसेंबर नाहीतर जानेवारीत येते. लातूर-धाराशिवकडं हिचा थाट दिवाळीपेक्षा कमी नसतो. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत पाच दगड मांडतात, तेच पाच पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडतात आणि मग पंगत बसते. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी आपल्या शेतात जेवायला बोलावतंच, म्हणून तर शहर रिकामं होतं.

आता त्या दिवशी लातुरातलं एखादं घर उघडून बघितलंस तर काय दिसेल? काय आहे यापेक्षा काय नाही ते बघायचं. दुरडी नाही, आंबिलीचं मडकं नाही, अंथरायची सतरंजी नाही, दाराशी चपला नाहीत. चुलीजवळ पीठ सांडलेलं, कारण पहाटेपासून घाई. आंबिलीची तयारी तर आदल्या दिवशीच झालेली असते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात आंबायला ठेवतात. थंडीचे दिवस, त्यामुळं मडकं उबेला ठेवलं नाही तर आंबत नाही, आणि ताक आधीच फार आंबट असलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडात धरवत नाही. एवढी तयारी करून गेलेलं घर रिकामं असलं तरी कोड्यात टाकत नाही. नसलेल्या वस्तूच सांगतात की माणसं कुठं गेलीत आणि संध्याकाळी परत येणार आहेत.

‘फ्लो’च्या घरात नेमकं उलटं आहे. तिथं सगळं आहे. पलंग आहे, मांजराची चित्रं आहेत, कामाच्या टेबलावर अर्धवट कोरलेलं लाकडी मांजर आहे. बाहेर मांजराचे पुतळे उभे आहेत. म्हणजे त्या घरातल्या माणसाचा या प्राण्यावर जीव होता. काम अर्ध्यात सोडून तो गेला, आणि कुठं, का, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. पोटात तुटतं ते तिथं. नुसता विध्वंस बघून माणूस दचकतो, पण थोड्या वेळानं सरावतो. अर्धवट राहिलेल्या कामाला मात्र सरावता येत नाही, कारण आपण मनात ते पूर्ण करायला बघतो.

आपल्याकडंही असं रिकामं गाव आहे आणि त्याची आठवण कुणी हसत सांगत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत घरं माळवदाची होती. दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात ही घरं थंडगार राहतात, म्हणून लोक ती बांधायचे. पण मातीतला दगड धक्क्यात सुटतो, आणि भिंत गेली की वरची सगळी माती खाली झोपलेल्यांवर येते. हजारो माणसं गेली. पुढं 50हून जास्त गावं जुनी जागा सोडून नवीन ठिकाणी वसवली. तिथं कुणी दुरडी भरून बाहेर पडलेलं नव्हतं. आपल्या लोकांना रिकाम्या गावाची भीती वाटत नाही असं नाही, लेकरा. रिकामेपणाचं कारण कळलं आणि परतायची वेळ ठरलेली असली की वाटत नाही.

आता हे पडद्यावर कसं साधलंय ते सांगतो, तू ते पुन्हा बघणार आहेस म्हणून. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस लॅटव्हियाचा. सिनेमा 2024चा, साधारण 85 मिनिटांचा, ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. 2025च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. पण खरी करामत तीन गोष्टींत आहे. एक म्हणजे कॅमेरा मांजराच्या उंचीवर असतो आणि शॉट लांबच लांब, मध्ये कापाकापी कमी. त्यामुळं मांजराला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. वरून पुराचा नकाशा दाखवला असता तर ती बातमी झाली असती. दुसरं, एकही शब्द नाही. निवेदकानं ‘शंभर वर्षांपूर्वी असं झालं’ म्हटलं असतं तर कोडं तिथंच सुटलं असतं, आणि कोडं सुटलं की हुरहूर संपते. तिसरं आवाज. आवाज खऱ्या प्राण्यांचे घेतलेत. पण कॅपिबारासाठी, म्हणजे त्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्यासाठी, उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला, कारण खऱ्या कॅपिबाराचा आवाज त्या सुस्त, शांत प्राण्याला शोभेना. संगीत झिल्बालोडिसचं आणि रिहार्ड्स झालुपेचं, ते रडायला हुकूम सोडत नाही.

एक ठिकाण मला खटकतं. पक्षी होडीचं सुकाणू धरतो, तिथं तो जरा जास्तच माणूस होतो. लेमूर, तो माकडासारखा प्राणी, टोपलीत आरसा, काचेचा गोळा अशा वस्तू गोळा करतो, ते मात्र पटतं. मालक नसलेल्या वस्तूंना तो नवा मालक मिळतो.

मागच्या वेळी तू हा सिनेमा टॅबवर, गाडीत बसून बघितलास. तसा बघू नकोस. छोट्या स्पीकरवर पाण्याचा खालचा गडगडाट ऐकूच येत नाही, आणि पुराचा धाक त्या आवाजातच आहे. खोलीत अंधार कर, आवाज थोडा मोठा ठेव, मधे थांबवू नकोस. झोपायच्या आधी नको, शनिवारी दुपारी लाव. धाकट्याला सोबत बसवणार असशील तर आधीच सांगून ठेव की मांजर बुडत नाही. तेवढं सांगितलं की तो पुराला घाबरून उठून जाणार नाही.

पुन्हा बघताना मांजर पाण्यातल्या आपल्या प्रतिबिंबाकडं बघतं ती दृश्यं मोज. सुरुवातीला ते एकटं आहे, शेवटी सोबतीला कोण कोण आहे ते बघ. एवढ्यावरून अख्खी गोष्ट कळते, घर कुणाचं होतं हे न कळताही.

आणि सिनेमातला तो देवमासा मेला का, हे तू तीनदा विचारलंस. शेवटी नावं यायला लागली की तू सिनेमा बंद करतोस. या वेळी ती संपेपर्यंत थांब, त्यानंतर एक छोटं दृश्य आहे.

तुझे,
बाबा